रोजची नागपंचमी

कुदळ दिसली की तो पाठ फिरवायचा. रस्त्यानं कोणी खांद्यावर कुदळ घेऊन चाललं असलं तर हा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा, लघवीला उभं राहिल्यासारखा. माणूस पुढं गेला की मग चालायला लागायचा. आणि धंदा काय, तर गाडलेले नळ दुरुस्त करण्याचा. घराखालचे, अंगणाखालचे, फुटलेले, गंजलेले. जमीन न खणता.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याला स्वतःलाच ते आवडत नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "नावनं काय काम शे, भो? पानी येवाले पाहिजे." सगळे त्याला नागपंचमी म्हणायचे. नागपंचमीला आपल्याकडं जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत, खाली नागाला लागेल म्हणून. तो म्हणायचा, "मन्ही ते रोजच नागपंचमी शे."

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिणं हे माझं काम नाही. पण माझी बायको जाऊन आता चार महिने झाले, आणि ती दर श्रावणात म्हणायची की त्या माणसावर कोणीतरी चार ओळी लिहायला पाहिजेत. मी म्हणायचो, लिहू, घाई काय आहे. घाई होती, मला कळली नाही. म्हणून आता लिहितो.

साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्यात मोडायचो. आमचं गाव प्रकाशा या तीर्थगावाच्या अलीकडं, तापीच्या काठावर. गावात घरात नळ पहिल्यांदा आला तो गुजरांच्या घरी. त्यांची केळी होती, इंजिन होतं, हौसही होती. दुसरा नळ आमच्याकडं. गुजरांच्या घरी आला म्हणून आमच्याकडं, दुसरं कारण नाही. मागच्या वाडग्यात, म्हणजे परसात, आमची विहीर, तिच्यावर इंजिन, शेजारी उंच हौद. हौदापासून दोन इंची लोखंडी नळ गोठ्याखालून, मधल्या घराखालून थेट स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत. नळ टाकला आणि मधल्या घरात वरून सिमेंटचा कोबा केला. असा कोबा की आरशासारखं तोंड दिसायचं. मी येईल-जाईल त्याला दाखवायचो.

तीन वर्षांत नळ गेला. मोरीत करंगळीएवढी धार यायला लागली, आणि मधल्या घरात भिंतीजवळ कोबा ओला दिसायला लागला. ओल आली तीही नेमकी कानबाईच्या जागेवर.

खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. भांडलेले भाऊसुद्धा त्या दिवशी येतात. आमच्या घरात तिची जागा पिढ्यान्पिढ्या तीच, मधल्या घरात, भिंतीजवळ. घर पाडून बांधलं तरी जागा हलवली नव्हती. आता ती जागा कानबाईच्या तोंडावर कुदळीनं फोडायची म्हटल्यावर आई आडवीच पडली. "आधी मन्हा डोकामा घाल कुदळ," म्हणाली.

पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट सांगतो. बायकोला सहावा महिना होता. आधीची दोन पोटं पडली होती, एक चौथ्यात, एक पाचव्यात. सुईण म्हणाली होती, या वेळी डोक्यावर, कमरेवर काही नको. नळ चालू होता तोवर ठीक होतं. नळ बंद पडला तसं पाणी हौदावरून आणावं लागलं. गोठ्याच्या पलीकडून साठ-सत्तर पावलं आणि सात पायऱ्या. घरात अकरा माणसं. धाकट्या सुनेनं पाणी आणायचं, हा आमच्या घरचा कायदा. ती आणत होती. बारा दिवस आणत होती.

मी काय करत होतो? बघत होतो. गडी माणूस डोक्यावर हंडा घेत नाही. आमच्या गल्लीत एकानंही घेतलेला नव्हता. ती पायऱ्या चढताना मी दुसरीकडं बघायचो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

गुजरांच्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं, नंदुरबारला स्टेशनामागं एक येडा राहतो, त्याला आण. मी गेलो. खोलीत सामान काही नव्हतं. भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांना सुतळीच्या गुंडाळ्या टांगलेल्या. पंचवीस-तीस असतील. मी म्हटलं, दोऱ्या विकतो की काय हा! तर ती त्यानं दुरुस्त केलेली घरं होती. नळातून जी सुतळी आरपार जायची, ती काम झाल्यावर तो घेऊन यायचा. जेवढा नळ तेवढी सुतळी. "हाई धानोरानं घर," म्हणून एक हातात दिली. "तठे सहा जण कुदळी लई उभा व्हतात. मी उंबरठावर बठी गऊ. चार चहा पिना. ते घर चालना गयात, मंग मी काम करं." तो चहा बशीत ओतून प्यायचा, बशी दोन्ही हातांनी धरून, आवाज करत.

मंगळवारी नागपंचमी होती. तो सोमवारी दुपारी आला. प्रकाशापर्यंत मोटारीनं, तिथून पायी, अनवाणी. बारा महिने अनवाणीच. जमिनीचं ऐकायचं तर मध्ये कातडं कशाला, असा त्याचा हिशेब. दारात आला आणि थबकला. मी शहाणपणा करून दोन कुदळी काढून ठेवल्या होत्या. लागल्या तर असाव्यात म्हणून.

"हाई काय शे?"

"कुदळी."

"कोन्या?"

"मन्ह्या."

"मंग मी जास." आणि खरोखर वळला.

मी कुदळी उचलून गोठ्यात कडब्याखाली टाकल्या, तेव्हा आत आला.

त्याच्याकडं बाभळीची एक काठी होती, कमरेइतकी. तीच त्याची हत्यारपेटी म्हणा. गुडघ्यावर बसायचा, काठीचं एक टोक कोब्यावर टेकायचा आणि दुसरं टोक दातात धरायचा. कानाला नाही, दातात. म्हणायचा, "कान खोटं बोलस. दात खोटं बोलत नही." डोळे मिटून, काठी चावत, वीत-वीत पुढं सरकायचा. खुंट्याला तोंड लावलेल्या बैलासारखा दिसायचा. त्या वेळी घरात हूं की चूं चालायचं नाही. त्यानं गाईच्या गळ्यातली घंटा काढायला लावली. आईला बांगड्या वर सरकवायला लावल्या. आईला घरात असं कोणी सांगत नसे. तिनं मुकाट्यानं सरकवल्या.

कानबाईच्या जागेवर तो थांबला. काठी काढली. ओल्या कोब्यावरून बोट फिरवलं आणि चाटलं.

"आठे मीठ कोन टाकं?"

मी दुसरीकडं बघितलं.

"कोन टाकं?"

"उधईकरता टाकं," मी म्हणालो. उधई म्हणजे वाळवी. आमच्याकडं तिचा फार त्रास, चौकटी खाऊन टाकते. जमिनीत खडेमीठ घातलं की येत नाही, असं सगळे म्हणतात. कोबा करायच्या आधी मी नळावर मीठ पसरलं होतं आणि गावाला सांगितलं होतं, आता उधई सात पिढ्या येत नाही.

"कितलं?"

"दोन पोता."

"दोन पोता!" तो माझ्याकडं बोट करत आईकडं वळला. "माय, तुन्हा आंडोरनी नळनं लोनचं घालं!"

स्वयंपाकघरातून हसू आलं. बायकोचं. सासूसमोर, परक्या माणसासमोर, मोठ्यानं. दोन महिन्यांत ती हसलेली मी ऐकली नव्हती. मला राग आला आणि बरंही वाटलं.

मग त्यानं सांगितलं काय करणार ते. जुना नळ आहे तिथंच राहील. त्याला आतून सिमेंटची कातडी चढवायची. "नळमा नळ. साप कात टाकस ना, आपू कात घालसूत." पण सिमेंट मुरायला पाच दिवस. रविवारपर्यंत नळ बंद.

"पाच दिन पानी कोन लई?" त्यानं विचारलं.

"सून शे ना," आई म्हणाली.

त्यानं दाराकडं बघितलं. बायको चौकटीला हात लावून उभी होती. तो सगळ्या बायांना माय म्हणायचा, दहा वर्षांच्या पोरीलासुद्धा.

"माय, कितवा?"

तिनं मान खाली घातली. आई म्हणाली, "सहावा."

"पहिला?"

"दोन गयात."

 त्यानं काठीनं माझ्याकडं दाखवलं. "मंग पानी हाऊ लई."

"मी?"

"का? तुन्हा डोकावर हंडा बठत नही का?"

"लोक हासतीन."

"हासू दे. हासाले पानी लागत नही." आणि पुढं म्हणाला, "कबूल व्हई ते काम. नही ते कुदळी काढ बाहेर, मी चालनू."

मी आईकडं बघितलं. आईनं छताकडं बघितलं. मी म्हणालो, कबूल.

रात्री तो ओट्यावर झोपला. झोपायच्या आधी त्यानं मोटेच्या जुन्या कातड्याचे दोन बोळे कापून, शिवून ठेवले. उद्या काही कापायचं नाही ना! एवढं पाळायचा. सकाळी आईनं भिंतीवर नाग काढले, दूध-लाह्या ठेवल्या, आणि हा लोखंडी तारांचा झुपका घेऊन हौदाकडं निघाला, तशी आई आडवी आली.

"आज नळ खरडशी? नाग आतमा ऱ्हायना ते?"

"माय, मी त्यानं घर झाडी ऱ्हायनू. सनना दिन घर झाडत नहीत का?"

आई बाजूला झाली. ती कोणाच्या वाटेतून हटली असे दिवस मी बोटावर मोजले असते.

आता नळातून सुतळी आरपार न्यायची कशी? मधे एक वाकण होतं. बांबूची कामटी तिथं अडायची. त्यानं आमच्याच कापसाचं एक बोंड घेतलं, सरकी काढली, पिंजून हलका पुंजका केला आणि सुतळीच्या टोकाला बांधला. हौदाच्या तोंडाशी नळात सोडला आणि पाणी सोडलं. पाण्याबरोबर कापूस चालला. मी सुतळी सोडत होतो, तो मधल्या घरात काठी चावत नळावरून सरकत होता. मोरीपाशी बायको पाटावर बसली होती. तिला काम दिलं होतं, नळाकडं बघत राहायचं.

सुतळी थांबली. वाकणाशी अडली. तो आतून ओरडला, "वढू नको! दोन हंडा एकदम ओत!" मी हौदातून हंडा भरला, ओतला. काही नाही. दुसरा ओतला. हातातली सुतळी सर्रकन गेली, आणि आतून बायकोची आरोळी आली, "वना! वना! कापूस वना!"

मी आत पळत गेलो तर तिच्या ओंजळीत गंजानं लाल झालेला कापसाचा पुंजका. जसं काय पिल्लू धरलंय. आई तिच्या मागं उभी, तिला बस म्हणत होती आणि स्वतःच वाकून बघत होती.

पुढचं काम दमाचं. सुतळीला दोरी बांधली, दोरीला तारांचा झुपका, तो इकडून तिकडं दहा वेळा ओढला. आमसुलाच्या सारासारखं पाणी निघालं. मग नळ निथळू दिला. तापीची वाळू लुगड्याच्या फडक्यातून चाळली होती, ती आणि सिमेंट कालवलं. कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ, हे त्यानं आईला विचारून ठरवलं. ते नळात ओतलं आणि मागून कातड्याचा बोळा. बोळा नळापेक्षा थोडा बारीक. मोरीकडून मी दोरी ओढायची. बोळा पुढं सरकला की सिमेंट चारी बाजूंनी नळाला चिकटत जातं आणि मधून पाण्याची वाट राहते.

"थांबू नको. हिसका देऊ नको. गाय पान्हावर ये तशी धार काढस ना, तसा वढ."

मी ओढत होतो. तो काठी दातात धरून बोळ्याच्या बरोबरीनं मधल्या घरातून सरकत येत होता. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. कानबाईच्या जागेवर आल्यावर त्यानं हात वर केला, म्हणजे हळू. तिथं नळाला तीन भोकं होती. त्यानं दातांनी ती मोजली होती. बोळा मोरीतून बाहेर पडला तेव्हा तो कोब्यावर उताणा पडला आणि म्हणाला, "माय, चहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नंदुरबारला गेला. पण काठी ठेवून गेला, बायकोपाशी. तिला शिकवलं. रोज सकाळी नळात एक तांब्या पाणी सोडायचं, कोब्यावर काठी टेकायची, दातात धरून ऐकायचं. सळसळ आली तर निरोप धाड. टप टप आली तरी निरोप धाड. "काहीच वनं नही ते चूपचाप बठ. चूप ऱ्हावानं काम शे हाई."

आणि मी पाणी आणलं. पहिल्या दिवशी चुंबळ नीट बसेना, अर्धा हंडा अंगावर सांडला. गल्लीतले लोक कट्ट्यावर येऊन बसले, जसा तमाशा आलाय. "वहिनी, हंडा जड शे का?" "ओ वहिनी, पदर सावरा!" मला वहिनी नाव पडलं ते पुढं वर्षभर टिकलं. दुसऱ्या दिवशी मी कमी सांडलं. तिसऱ्या दिवशी पायऱ्या मोजायच्या सोडल्या. बारा दिवस तिनं ह्याच पायऱ्या चढल्या, हे मला मान दुखायला लागल्यावर कळलं. डोक्यात शिरायला आधी डोक्यावर बसावं लागतं काही काही.

शुक्रवारी दुपारी मी हंडा उतरवून आत आलो. आई शेजारी गेली होती. बायको मधल्या घरात भिंतीला टेकून बसली होती, हातात काठी. मी म्हटलं, सळसळ येते का? ती नाही म्हणाली. काठी माझ्याकडं धरली.

"दातमा धरा," म्हणाली.

मी दातात धरली. काठीचं दुसरं टोक तिनं कोब्यावर नाही ठेवलं. पोटावर ठेवलं.

मी वाकलेला, तोंडात काठी, कोणी बघितलं असतं तर वहिनीपेक्षा वाईट नाव पडलं असतं. बराच वेळ काही नाही. मी काठी काढणार, एवढ्यात दातात टक् झालं. बारीक. कोणी आतून दार वाजवावं तसं. मग परत टक् टक्.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं विचारलं, "वनं का?"

माझ्या तोंडात काठी होती. मी नुसती मान हलवली. ती गेल्या दोन्ही वेळी या महिन्यापर्यंत पोचलीच नव्हती. आम्हा दोघांपैकी कोणीच हा आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता.

रविवारी तो आला. हौदाचा कॉक उघडला. मोरीत आधी नुसती हवा खोकली, मग गढूळ पाणी, मग मनगटाएवढी स्वच्छ धार. कानबाईची जागा खडखडीत कोरडी. आईनं तिथं रांगोळीचा चौक भरला. मजुरी दिली, ती त्यानं कनवटीला लावली, पण जागचा हलेना.

"आनि काय पाहिजे, भो?" आईनं विचारलं.

"रोट," तो म्हणाला.

सगळ्यांनी आईकडं बघितलं. कानबाईचा रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक, पुरणपोळ्या, खीर. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजून दळतात. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला देत नाहीत, लेकीच्या सासरी देत नाहीत. मागतसुद्धा नाही कोणी. हे त्याला माहीत होतं. तोही आमच्यासारखाच खानदेशी.

बायको दारातून म्हणाली, "त्यासना घर आते रोट व्हत नही." तिला कसं ठाऊक? सोमवारी रात्री तिनं त्याला ओट्यावर भाकरी वाढली होती, तेव्हा त्यानं सांगितलं होतं, मला नाही, तिला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एका ठेकेदाराकडं नळाचे चर खणायचे. काळी माती, पाऊस होऊन गेलेला. चराची भिंत खाली आली, भाऊ आत. कुदळ मारता येईना, कारण खाली तोच. हा हातांनी उकरत होता. नखं निघाली तरी उकरत होता. वेळेत नाही झालं. भाऊ गेला, मग आई गेली, घरची कानबाई बंद झाली.

हे सगळं बायकोनं दारातूनच सांगितलं. आईनं ते ऐकलं. उठली. कोठीघरात गेली. मोजून ठेवलेल्या गव्हाचं पीठ झालेलं होतं. तिनं नवे गहू काढले, सव्वा मूठ, सुपात टाकले. मग थोडी थांबली, आणि आणखी सव्वा मूठ टाकले.

"हाई कोनले?" मी विचारलं.

तिनं सुनेच्या पोटाकडं हनुवटी केली.

"आनि पोर व्हई ते?" नागपंचमी म्हणाला. मुलगी झाली तर, असं.

"ते ती बी खाई," आई म्हणाली आणि जात्यावर बसली. आमच्या घरात असा कायदा त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

मुलगीच झाली. दिवस भरून, रडत, लाल. बारशाला तो आला. आधी पाळण्याकडं गेला नाही. आधी मधल्या घरात जाऊन काठी चावली. "पानी बराबर शे," म्हणाला, आणि मग पोरीला बघितलं. खिशातून सुतळीची गुंडाळी काढली. आमच्या नळातून गेलेली, खिळ्यावरून काढून आणलेली. ती पाळण्याला बांधली आणि दारात बसून लांबून हलवत राहिला. आमच्या नळाएवढी ती सुतळी, पाळण्यापासून उंबरठ्यापर्यंत पुरून मोठी गुंडाळी त्याच्या मांडीवर उरली.

मग तो दर वर्षी रोट खायला यायचा. एकदा कोणीतरी त्याला तोरणमाळला नेलं होतं, वर कोणाच्या तरी बंगल्याचा नळ बघायला. तिथून तो फार खुशीत आला. बंगल्याचं काही सांगितलं नाही. पण डोंगरातल्या लोकांनी बांबू उभे चिरून त्यांच्या पन्हळी केल्या होत्या आणि झऱ्याचं पाणी जमिनीवरून घरापर्यंत आणलं होतं. "शहाना लोक! पानी डोयासमोर ठेवतस. आपू पुरी टाकतस आनि मंग रडतस." दुसऱ्या कोणाला त्यानं शहाणा म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला तर कधीच नाही. मला तो शेवटपर्यंत लोणचंवाला म्हणायचा.

एका वर्षी श्रावणात तो आला नाही. त्याऐवजी नंदुरबारच्या मोटारीचा कंडक्टर काठी घेऊन आला. म्हणाला, स्टेशनामागचा म्हातारा गेला, ही प्रकाशाजवळच्या मायला द्यायला सांगितली होती. आणि सांगितलं होतं की मला जाळा, पुरू नका. जसं काय आपल्यात कोणी पुरणार होतं. आईनं त्या वर्षीही त्याची सव्वा मूठ टाकली. आईनंतर बायको टाकायची.

काठी दाराआड राहिली; दर श्रावणात ती काढून आम्ही दोघं नळातलं पाणी ऐकायचो. तिच्या टोकाला त्याच्या दातांच्या खुणा, त्यांच्यावर बायकोच्या, त्यांच्यावर माझ्या.

चार महिन्यांपूर्वी बायको गेली. तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मुलगी तेवढी राहिली. ती आता स्वतः आजी आहे. तिच्या पाठचा मुलगा म्हणत होता, बाबा, आता हा कोबा फोडून फरशी बसवू, नवा नळ टाकू. मी म्हणालो, बघू. दुपारी तो शेतात गेला. मला काही सुचत नव्हतं, झोप नव्हती. मी दाराआडची काठी घेतली. गुडघ्यावर बसायला मला बराच वेळ लागला. कानबाईच्या जागेवर टेकवली. आता तोंडात एकही दात नाही. हिरड्यांत धरली आणि डोळे मिटले.

आधी काहीच नाही. चूप राहायचं काम आहे हे. मग स्वयंपाकघरात मुलीनं नळ सोडला, भांडी घासायला. माझ्या हिरड्यांत पाणी चालायला लागलं. सरळ, कुठंही सळसळ न करता. आणि त्याच्यातच तिनं परात आपटली, टक्, मग परत टक् टक्.

या काठीतून मी आयुष्यात दोनच आवाज ऐकले होते. त्या दुपारी दोन्ही बरोबर आले.

मुलगी हात पुसत दारात आली. "बाबा, तोंडात काय घातलंत?"

माझ्या तोंडात काठी होती. मी नुसती मान हलवली. संध्याकाळी मुलाला सांगितलं, कोबा फोडायचा नाही. आणि श्रावणात गहू मोजायचे तेव्हा सव्वा मूठ तुमच्या आईचीही टाका. पुरुषामागंच टाकायची, हा कायदा आमच्या घरात केव्हाच मोडलाय.